मुठीची बरणी

लालासाहेबाचा हिशेब साधा होता. डंकावर चटणी कांडायला येणारी घरं एकशेचाळीस. घरटी तीन घाणे. घाण्यामागं उखळात राहणारी एक मूठ, म्हणजे चारशेवीस मुठी. बाईमाणसाची मूठ पन्नास ग्रॅमची धरली तर एकवीस किलो. बायकोची, अंजनाची मूठ काट्यावर ठेवून त्यानं तीनदा खात्री करून घेतली होती. दोनशे ग्रॅमची एक, अशा एकशेपाच पुड्या, पुडीला एकशेदहा रुपये. अकरा हजार साडेपाचशे. डंकाची मोटर नव्यानं बांधायला विट्याचा वायरमन नऊ हजार मागत होता. ती बांधून वर अडीच हजार उरत होते, आणि घरची एक मिरचीसुद्धा लागत नव्हती. इतका चोख धंदा पोळवाडीत तोवर कुणी केला नव्हता. वरच्या पन्नास रुपयांचंही त्यानं ठरवून ठेवलं होतं. पुडीवरच्या स्टिकरात अंजनाच्या फोटोला हळदी रंगाची किनार.

मूठ म्हणजे काय, हे पोळवाडीत कुणाला सांगावं लागत नसे. शिमगा झाला की घरोघरी मिरच्या वाळायच्या, देठ खुडायचे, कांदा-खोबरं तळायचं आणि पाट्या डोक्यावर घेऊन बायका लालासाहेबाच्या डंकावर यायच्या. दोन लोखंडी मुसळं आळीपाळीनं उखळात पडायची. घाणा झाला की बाई आपली चटणी डब्यात भरायची आणि शेवटची मूठ उखळातच ठेवायची. ती अंजना उचलून कोपऱ्यातल्या चिनी मातीच्या बरणीत दाबायची, वर मीठ टाकायची. ही रीत अंजनाच्या सासूनं, लीलाबाईनं घातलेली. ज्या घरात माणूस जाई त्या घरात वर्षभर चटणी करायची नाही, असा गावाचा नेम. त्या घरची बाई वाटी घेऊन डंकावर यायची, कट्ट्यावर ती पालथी ठेवायची आणि दुसरीकडं बघत बसायची. तिनं मागायचं नाही, अंजनानं दिल्याचं बोलायचं नाही. वाटी भरून पदराआड जायची.

डंक म्हणाल तर जुना. मोटर चार घाण्यांमागं तापायची, मग तिच्यावर ओलं पोतं टाकून बायका अर्धा तास चकाट्या पिटत बसायच्या. दरही काही स्वस्त नव्हता. तरी एकशेचाळीस घरं दुसरीकडं जात नव्हती. ज्या बरणीत आपली मूठ पडली आहे, त्या बरणीकडं बाई पुन्हा येते, हे लीलाबाई कुठल्या शाळेत शिकली नव्हती. तिला ते ठाऊक होतं एवढंच.

लालासाहेबाला ठाऊक नव्हतं, कारण तो बावीस वर्षं मोटरीच्या बाजूला बसला. उखळाच्या बाजूला अंजना.

तिचं काम असं की मुसळाच्या दोन ठोक्यांच्या मधे हात घालायचा आणि कडेची चटणी आत लोटायची. बावीस वर्षांत एकच बोट चेचलं, डावी करंगळी. हंगामात हाताला इतकी आग असायची की भाकरी थापताना पिठाचा गारवासुद्धा बरा वाटायचा. डोळ्याला पदराचं टोक लावायचं, हात नाही. खोकला फाल्गुनात लागायचा तो मृग पडल्यावर सुटायचा. पण कुणाच्या घरात खसखस चालत नाही, कुणाच्या सासऱ्याला मूळव्याध म्हणून लवंगी मिरची कमी, कुणाची सून दगडफूल विसरते आणि मग सासू तिचा उद्धार करते, हे सारं तिच्या बोटांना पाठ होतं. पाटीवरचं फडकं काढलं की ती वासावरनं घर सांगायची. बायका तिला मुद्दाम फसवायला पाट्या अदलाबदल करून ठेवायच्या. ती फसली नाही की जिंकल्यासारख्या हसायच्या.

यंदा पहिल्यांदा कट्टा मोकळा दिसायला लागला. ऋषिराज कोइमतूरहून परत आला होता. मामाच्या गलाईच्या दुकानात सहा वर्षं सोनं गाळून त्यानं फाट्यावर पत्र्याचं शेड मारलं, तीन नवे डंक बसवले, मिरची भाजायचं यंत्र आणलं. टेंपो दारात येऊन पाटी नेणार, संध्याकाळी डबा परत. कार्डावर पाच शिक्के झाले की स्टीलचा डबा बक्षीस. टेंपोवर भोंगा होता. शिमग्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातच अंजनानं मोजलं, येणारी अकरा घरं आली नव्हती.

लालासाहेबानं त्यावर उपाय शोधला तो सांगलीला. नवउद्योजकांचं एक दिवसाचं शिबिर होतं, जेवणासकट. कोट घातलेल्या साहेबांनी फळ्यावर लिहून विचारलं, तुमच्या धंद्यात वाया काय जातं ते सांगा. कुणी भुसा म्हणालं, कुणी चिंध्या. लालासाहेब उठून म्हणाला, मूठ. मग त्यानं सगळं सांगितलं. साहेब खूश झाले, म्हणाले, ही तुमची खाण आहे, याला नाव द्या, चेहरा द्या, आणि ध्यानात ठेवा, फुकट दिलेल्या मालाला किंमत राहत नाही. हॉलनं टाळ्या वाजवल्या. लालासाहेबासाठी याआधी टाळ्या वाजल्या होत्या त्या त्याच्या लग्नात, त्याही अक्षतांबरोबर.

घरी येऊन त्यानं अंजनाला केस विंचरून भिंतीपुढं उभं केलं आणि फोटो काढला. कशासाठी, ते कळल्यावर ती चुलीपुढं जाऊन बसली.

"ती चटणी आपली न्हवं," ती म्हणाली.

"मग कुणाची? कुणाचं नाव लिवलंय बरणीवर?"

"न्हाई लिवलं. म्हणूनच आपली न्हाई."

"आगं, मोटर उद्या बसली तर मूठ टाकाया तरी कोण यील? डंक चालला तर बरणी. का बरणीवर डंक चालतोय?"

खरं तर तसंच होतं. पण ते शब्दांत मांडून दाखवणं अंजनाला जमलं नाही, आणि मोटरीचा जळका वास तिच्याही नाकात होता. बरणी उपडी करून तिनंच चटणी परातीत कालवली. साठ-सत्तर घरांच्या मुठी. एकीची कोरडी, दुसरीची कांद्यानं ओली, कुठं तिळाचा वास, कुठं करपलेल्या खोबऱ्याचा. ओल्या चटणीला मीठ चढं लागतं म्हणून ती मिठाकडं हात न्यायला लागली, तर लालासाहेब म्हणाला, माल कुपवाडच्या कँटीनला द्यायचाय, तिथं खारट चालत नाही. तिनं हात मागं घेतला. पाडव्यापर्यंत बावन्न पुड्या झाल्या. बावन्न ठिकाणी तिचा चेहरा, कपाळावर कुंकू, खाली 'अंजना घरगुती चटणी', त्याखाली रुपये एकशेदहा.

चाळीस पुड्या कुपवाडला गेल्या. तिथं बिराप्पा नावाचा लालासाहेबाचा ओळखीचा माणूस एका कारखान्याच्या कँटीनचा ठेका चालवायचा. विकतील तसे पैसे देतो म्हणाला. सहा पुड्या लालासाहेबानं सांगलीच्या साहेबांना आणि शिबिरातल्या मंडळींना नमुना म्हणून पोचवल्या. सहा डंकावर फळीवर मांडल्या. अंजनानं परातीतली थोडी चटणी आधीच एका डब्यात बाजूला काढली होती, वर मीठ दाबून कणगीमागं ठेवली होती. ती सुलाबाईसाठी.

सुलाबाईचा नवरा आप्पासो पौषात गेला. फौजेतनं पेन्शन घेऊन आलेला माणूस, सकाळी गुरांना पाणी दाखवून बसला तो उठलाच नाही. गावातल्या बायका मूठ टाकत त्यात सुलाबाईची मूठ सगळ्यांत मोठी. बायका थट्टा करायच्या, आत्ती, मूठ हाय का वंजळ? ती म्हणायची, फौजी माणसाची बायकू हाय मी, रेशन मापून द्याची सवं न्हाई. यंदा तिची पाटी येणार नव्हती. वाटी येणार होती. अंजना तिची वाट बघत होती.

पण वाटी आली त्या दिवशी अंजना घरी नव्हती. चाळणीची जाळी फाटली होती, ती बदलायला ती विट्याला गेली होती. बाजारच्या गर्दीत एसटीत उभं राहून, चाळणी छातीशी धरून ती दुपार कलल्यावर परतली. डंक बंद होता, लालासाहेब शिट्टी वाजवत मोटरीला तेल देत होता. कट्ट्यावर एक पितळी वाटी पालथी होती.

"ही कुणाची?"

"सुलाबाईची. इसरली वाटतं," तो म्हणाला. "आगं, पैली रोख इक्री झाली. फळीवरची पुडी दिली तिला. घरचं माणूस म्हणून धा रुपयं कमी केलं. गिऱ्हाईक तोडू नये."

अंजनानं चाळणी कट्ट्यावर वाटीशेजारी ठेवली. तिनं विचारलं, ती काय म्हणाली. लालासाहेबाला आठवायला वेळ लागला, कारण सुलाबाई काहीच म्हणाली नव्हती. तिनं पुडी हातात घेतली, स्टिकर बघितला, कमरेचा बटवा सोडला, शंभराची नोट काढली, सरळ केली आणि दिली. वाटीचा अर्थ लालासाहेबाला कळला नव्हता असं नाही. लीलाबाईच्या पोटचा होता तो. पण साहेबांचं वाक्य त्याच्या कानात ताजं होतं, आणि फळीवर सहा पुड्या तीन दिवस तशाच पडून होत्या.

अंजनानं तोंडावर पाणीही मारलं नाही. कणगीमागचा डबा काढला, वाटी भरली, पदराआड घेतली आणि वरच्या आळीला गेली.

सुलाबाई सोप्यात गहू निवडत होती. तिची सून क्रांती पाण्याचा तांब्या घेऊन आली, ठेवून आत गेली, आणि आत भांड्यांचा आवाज बंद झाला.

"या. बसा," सुलाबाई म्हणाली.

बावीस वर्षं ती अंजनाला 'अंजे, टेक की' म्हणत आली होती. अंजना भिंतीला धरून बसली.

"आत्ती, माज्या माघारी झालं. चूक झाली."

"चूक कसली? दुकान म्हटल्यावर इकणारच. मालक काय वंगाळ बोललं न्हाईत तुमचं. धा रुपयं कमी केलं."

"ही घ्या. तुमच्यापायी आदीच काढून ठेवल्ती म्या."

सुलाबाईनं वाटीकडं बघितलं नाही. सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "यक घितलीया की. दोगींच्या घरात लागती किती?" फळीवर पुडी उभी होती, न फोडलेली. तिच्याकडं हनुवटी करून ती म्हणाली, "फोटू मातुर झ्याक आलाय."

अंजना रडली असती तर बरं झालं असतं, पण हाताला चटणीची आग होती आणि डोळ्याला हात लावायची सोय नव्हती. ती वाटी पुढं धरून तशीच बसली. शेवटी सुलाबाईनं सूप खाली ठेवलं.

"तीस वरीस मूठ टाकली, अंजे. कवा मोजली न्हाई. आज पैल्यांदा मोजून आली. दोनशे ग्राम." मग क्रांतीला हाक मारून तिनं वाटी रिकामी करून ठेवायला सांगितली. क्रांतीनं चटणी कागदात काढली, घडी घालून अंजनाच्या हातात दिली. वाटी धुऊन फळीवर ठेवली.

यावर गावात भांडण झालं नाही. झालं असतं तर लालासाहेब जिंकला असता, त्याला भांडता येत होतं. बायका फक्त येईनाशा झाल्या. पाणवठ्यावर, दुधाच्या डेअरीत अंजना भेटली की हसायच्या, खोकला बरा आहे का विचारायच्या. कुणाची पाटी टेंपोवाल्यानं परस्परच उचलली होती, कुणाच्या लेकानं फोनवरनं नोंदवून टाकली होती, कुणाचा अजून कांदाच तळायचा होता. तो कांदा तळल्याचा वास दुसऱ्या दिवशी अंजनाला रस्त्यात यायचा. ती घर ओळखायची आणि पुढं जायची.

ज्या चार-दोन आल्या त्या येताना कुंचा घेऊन आल्या. घाणा झाला की उखळ कडेकडेनं झाडून घेतलं, मुसळाच्या टोकाला लागलेलंसुद्धा बोटानं निपटलं. अंजना बाजूला हात धरून बसली. बरणी उपडी केल्यावर पडलेल्या मुठींची तळाला चार बोटं झाली होती, ती तेवढीच राहिली.

सारी भिस्त होती यात्रेवर. चैत्रातल्या यात्रेला गलाईवाली घरं गावी येत. कोइमतूरची संयोगिता दर साली पाच घरांची मिळून तीस किलो चटणी करून न्यायची, तिचे घाणे दोन दिवस चालायचे. अंजनानं तिच्यासाठी उखळ खडे मीठ घालून घासून घेतलं. लालासाहेबानं मोटरीवर नवं पोतं आणलं. संयोगिता आली, मिठाईचा पुडा घेऊन, पाया पडली. म्हणाली, "वैनी, आमी गाडीतनं उतरलो तर टेंपो दारातच हुबा. भाऊजींनी सारं त्यात घातलं बी. पुढल्या साली नक्की." मग आवाज उतरवून म्हणाली, "आणि खरं सांगू का, तिकडं परमुलखात चटणी संपली की आमी यकमेकींच्या घरनं वाटी आणतो. तुमच्या बरणीवरनंच शिकलो." मिठाईचा पुडा अंजनानं दुपारभर तसाच मांडीवर ठेवला होता.

लालासाहेबानं हार मानली नाही. त्यानंही कार्ड छापली. ऋषिराजचे पाच शिक्के, तर याचे चार. दहा स्टीलचे डबे आणले. घरोघर हिंडून कार्ड वाटली. बायकांनी घेतली, फळीवर ठेवली. मग एके दिवशी त्यानं अंजनाला न सांगता बरणीतली उरलेली चटणी तीन वाट्यांत काढली आणि दुखवट्याच्या तिन्ही घरी स्वतः घेऊन गेला. बाप्या माणूस हातात उघडी वाटी घेऊन भर दुपारी आळीतनं चालला, हे बघायला पोरं मागं लागली. तिन्ही घरांनी सांगितलं, आम्ही फाट्यावरनं आणली.

फाट्यावर ऋषिराजनं काचेची बरणी ठेवली होती. सुलाबाईची गोष्ट गावात पोचायच्या आधी फाट्यावर पोचली, आणि सोनं गाळणाऱ्याला कुठल्या मातीत काय सापडतं ते कळतं. बरणीवर लिहिलं होतं, 'माणुसकीची मूठ'. बायका टाकत होत्या. पहिली वाटी भरली तिचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. पितळी वाटी, दोन हात, मागं नवा डंक. तोंड दिसत नव्हतं. हातावरचं गोंदण साऱ्या गावाच्या ओळखीचं होतं. ग्रुपवर एकशेवीस जणांनी हात जोडले. सुलाबाईकडं फोन नव्हता. क्रांतीनं तिला दाखवलं नाही, असं म्हणतात. पण त्यानंतर ती फाट्यावरही गेली नाही.

वैशाखात वळीव सलग चार दिवस पडला. ज्यांच्या मिरच्या गच्चीवर होत्या त्यांची धावपळ झाली, आणि ओली मिरची यंत्रात वाळवून देतो म्हणून ऋषिराजचा टेंपो दुप्पट फिरला. पाचव्या दिवशी बिराप्पा मोटरसायकलवर आला. मागं पोतं बांधलेलं. त्यानं ते ओसरीवर सोडलं, तसा आंबूस वास आला.

"वैनी, तुमच्याच तोंडाला मिशा फुटल्यात बघा," तो म्हणाला. पुड्या फुगल्या होत्या. आतनं स्टिकरमागं पांढरी-हिरवी बुरशी चढली होती. "कामगार खातंय काय, माझ्या अंगावर आलं सगळं. ठेका जायाचा माझा."

लालासाहेबानं खपलेल्या पुड्यांचे पैसे विचारले. बिराप्पानं ते येण्याजाण्याच्या पेट्रोलात धरले आणि चहा पिऊन गेला. त्या वेळी लालासाहेबाला मीठ आठवलं असावं. तो अंजनाकडं बघत राहिला. ती पुड्या पोत्यात परत भरत होती.

मोटर जळली नाही. जळायला तिला काम लागतं. मृग लागला तरी ती थंडच होती, आणि अंजनाचा खोकला यंदा आधीच थांबला. जेठात ऋषिराज माणूस पाठवून डंक घेऊन गेला. मुसळं मोडीच्या भावानं, मोटर तशीच फुकट, वर. उखळ दगडी होतं, ते त्यानं घेतलं नाही. जाताना निरोप ठेवला, पुढल्या हंगामाला वैनींनी यावं, रोजावर. बायका विचारतात, वासावरनं घर ओळखणारी पायजे. लालासाहेब म्हणाला, बघू. तो स्वतः कुपवाडला एका गोदामावर रखवालीला लागला. रोज सकाळी शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसून जायचा, डबा मांडीवर घेऊन. डब्यात चटणी नसायची.

आषाढात एक दिवस पावसानं उसंत दिली तेव्हा अंजनानं परड्यात खड्डा काढला. नासक्या चटणीला कुत्रंही तोंड लावत नव्हतं, आणि उकिरड्यावर टाकली तर दोनशे पावलांवरनं आपलाच चेहरा दिसणार. तिनं एकेक पुडी फोडून आत ओतली, प्लास्टिक वेगळं ठेवलं. ओतताना मोजायची तिला सवय नव्हती, पण हात मोजत गेला. बिराप्पाकडनं आलेल्या अठ्ठावीस. घरातल्या पाच, त्याही फुगलेल्या. तेहतीस झाल्या. लालासाहेब सुट्टीचा घरी होता, कट्ट्यावर बसून बघत होता. म्हणाला, बाकीच्या खपल्या की.

बाकीच्या एकोणीस. त्यातल्या बारा कुपवाडच्या कामगारांनी खाल्ल्या, त्यांचे पैसे बिराप्पाच्या पेट्रोलात गेले. सहा सांगलीला नमुन्याला गेल्या, साहेबांचा उलटा फोनसुद्धा आला नाही. राहिली एक. सबंध धंद्यात पैसे मोजून घेतलेली तेवढीच. ती सुलाबाईनं घेतली, शंभर रुपयांना.